वरच्या सुराला हवा कमी लागते

आंधळगावच्या एका लग्नात ट्रंपेट वाजवता वाजवता मी कोसळलो, तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला बऱ्यापैकी वाजवणारा समजत होतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी शहापूरला राहायचो, सायकलने भंडाऱ्याला जाऊन एका पितळी भांड्यांच्या कारखान्यात परात आणि गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, ठोकायचो, आणि लगीनसराईत गावच्या बँडपार्टीत ट्रंपेट वाजवायचो. शिकवणारा असा कोणी नव्हता. आधीच्या वाजवणाऱ्याने नोकरी लागली म्हणून बँड सोडला, त्याचं वाद्य माझ्या हाती आलं आणि ऐकून ऐकून मी बोटं बसवली. खालचे सूर आपोआप जमले. वरचे सूर मात्र मी ताकदीने काढायचो. छाती फुगेल तेवढी फुगवायची, खांदे कानापर्यंत न्यायचे, माउथपीस म्हणजे ती तोंडाकडची पितळी वाटी ओठांवर दाबायची आणि सगळा जोर गळ्यातून लावायचा. शिरा फुगायच्या, डोळे बाहेर यायचे, तोंड लालबुंद व्हायचं. लोकांना ते आवडायचं. ज्याचं तोंड जास्त लाल तो मोठा वाजवणारा, असं बघणारेही मानायचे आणि मीही.

त्या दिवशी दुपारची वरात होती. मे महिना. मांडवाच्या दाराशी नवरदेव पोहोचला की गाण्याचा शेवटचा सूर उंच नेऊन तिथेच धरून ठेवायचा, ही आमच्या बँडची खासियत होती. मी सूर चढवला. तो अर्धा निघाला, थरथरला, म्हणून मी आणखी दाबलं. कानांत शिट्टी वाजायला लागली. मांडवाच्या दोन्ही कडा काळ्या झाल्या आणि काळोख मध्यापर्यंत सरकत आला. पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मी एका आंब्याखाली पडलो होतो आणि कोणीतरी फोडलेला कांदा नाकाशी धरला होता. खालचा ओठ आतून दाताने चिरला होता, शर्टावर रक्त होतं. आमच्या बँडचे मालक डोक्याशी उभे होते.

"मेला का जिता हाय?" त्यांनी विचारलं.

"जिता हाय," कांदा धरणारा म्हणाला.

माझं वाद्य मांडवासमोरच्या धुळीत तसंच पडलं होतं. तेवढ्यात पाहुण्यांतून एक म्हातारा माणूस उठला. काटकुळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला. त्याने वाद्य उचललं, सदऱ्याच्या टोकाने माउथपीस पुसलं, खटके एकदा दाबून पाहिले. मग ते ओठांशी नेलं. नेलं म्हणजे नुसतं टेकवलं. आणि ज्या सुरावर मी पडलो होतो, तोच सूर त्याने काढला.

मी पितळ ठोकणारा माणूस. पितळेचा आवाज मला कळतो. परात कच्ची ठोकली असेल तर ती खरखरते, नीट ठोकली असेल तर एका टिचकीत सगळीच्या सगळी बोलते. तो सूर तसा होता. मोठा नव्हता, पण पूर्ण होता. मी आडवा पडल्या पडल्या त्या माणसाच्या गळ्याकडे बघत होतो. एकही शीर वर आली नव्हती. चेहऱ्याचा रंग बदलला नव्हता. तोंडातली सुपारी गालात सरकवून वाजवावं इतक्या सहज त्याने तो सूर धरला, चार ठेके झाल्यावर सोडला, वाद्य आमच्या मालकांच्या हाती दिलं आणि जेवायच्या पंगतीकडे निघून गेला.

"हे कोण?" मी विचारलं.

"नवरीकडचे पाहुणे," कांदेवाला म्हणाला. "नाकाडोंगरीचे. खाणीच्या बँडात होते म्हणते. मास्तर म्हणते लोक त्याईले."

ओठ भरून यायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस मी कारखान्यात हातोडा चालवताना तोच सूर मनात ऐकत होतो. पाऊसकाळ सुरू होण्याआधीच्या एका रविवारी एसटीने तुमसर आणि तिथून दुसऱ्या गाडीने नाकाडोंगरी गाठली.

मास्तरांचं सायकल दुरुस्तीचं दुकान रस्त्यालाच होतं. दुकान म्हणजे कौलारू पडवी; आड्याला जुन्या ट्यूबा टांगलेल्या, खाली पाण्याचं घमेलं. मागे घर आणि आंगण. मास्तर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. मी नमस्कार केला, आंधळगावची आठवण करून दिली.

"पडला होता तो?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"हो."

"काहून आला?"

"तुमी तो सूर कसा काढला, ते शिकाचं हाय."

त्यांनी ट्यूब बाजूला ठेवली. "श्वास घेऊन दाखव."

मी छाती फुगवून दाखवली. ते हसले.

"खांदे काहून उचलून राहिला? खांद्यात फुप्फुस हाय का तुह्यं?"

मी वाद्य बरोबर आणलं होतं. त्यांनी ते पिशवीतून काढूच दिलं नाही. घरातल्या मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक न मारता ते स्वतः उठून आत गेले आणि धान मोजायची पायली घेऊन आले. काठोकाठ तांदूळ भरलेली. मला आंगणात चटईवर उताणं निजवलं आणि ती पायली माझ्या पोटावर, बेंबीच्या जरा वर ठेवली.

"आता श्वास घे. पायली वर गेली पाह्यजे. छाती हालली नाही पाह्यजे. तांदूळ सांडला तर तूच वेचजो."

पहिल्या दिवशी मी तांदूळच वेचला. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लोकायच्या घरी पायलीनं धान मोजते, आमच्या घरी पोट मोजून राहिले."

असे सहा रविवार गेले. पायली आधी थरथरत वर जायची, मग सावकाश जायला लागली. घरी मी आईची पायली वापरायचो. आई आधी घाबरली, नंतर तिला सवय झाली. आणि एक दिवस मला कळलं की श्वास पोटात शिरतो म्हणजे खरं तर काय होतं. कमरेला सगळीकडून पट्टा बांधल्यासारखं भरत होतं. पुढून, बाजूने, पाठीकडूनही. इतकी वर्षं मी फक्त वरच्या मजल्यावर राहत होतो. खाली एवढं मोठं घर आहे, हे मला माहीतच नव्हतं.

त्यानंतर कागद आला. बिडीच्या बंडलावरचा पातळ कागद मास्तर भिंतीला लावायचे आणि म्हणायचे, फुंकून तो तिथेच धरून ठेव. मी जोरात फुंकलं की कागद थोडा वेळ राहायचा आणि पडायचा. हळू फुंकलं की सरकायचा. ओठांची फट राईच्या दाण्याएवढी करून, हवा बारीक आणि वेगाने सोडली की तो भिंतीला चिकटून राहायचा. पंचवीस मोजेपर्यंत तो धरता आला तेव्हा मास्तर म्हणाले, "आता काढ तुह्यं वाद्य."

मला वाटलं, आता सूर निघणार. पण त्यांनी माझं ट्रंपेट घेतलं, सुतळीने दोन जागी बांधलं आणि पडवीच्या आड्याला, त्या जुन्या ट्यूबांच्या मधोमध, तोंडाच्या उंचीवर टांगून दिलं.

"हात मागं बांध. आता वाजव."

मी ओठ लावले आणि फुंकलं. वाद्य झोक्यासारखं पुढे गेलं. पुन्हा लावले, पुन्हा गेलं. दाबल्याशिवाय मला वाजवताच येत नव्हतं, आणि दाबायला मागून धरणारा हातच नव्हता. दुकानात सायकल घेऊन आलेला एक शेतकरी पोट धरून हसत होता. मी घामाघूम झालो. शेवटी मास्तर आले, त्यांनीही हात मागे घेतले, मान किंचित पुढे केली, आणि टांगलेल्या त्या वाद्यातून खालून वर एक एक सूर काढत गेले. ट्रंपेट जागचं हललं नाही. सुतळी सरळ होती. सगळ्यात वरच्या सुराला तर मला वाटलं, ते वाद्याला शिवलेच नाहीत. हसणारा शेतकरी सायकल भिंतीला टेकवून जवळ येऊन बघायला लागला.

"ओठ दाबले की मरते," ते म्हणाले. ते नेहमी असंच तुकड्यातुकड्याने बोलायचे, मधे थांबून. "रक्त जात नाही त्यात. मंग हालत नाही. न हालणारा ओठ गाणार कसा? ओठ मोकळा ठेव. जोर कमरेत. गळा उघडा, जांभई देतो तसा. जीभ वर, 'ई' म्हणतो तशी. बस."

"आन् हवा? उंच सुराले तर जास्त हवा लागते ना, मास्तर?"

"कमी लागते," ते म्हणाले. "खालच्या सुराले लागते जास्त. वरच्याले कमीच लागते, फक्त घाई लागते तिले. तुले कोणी उलटं सांगलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मी आपलं धरून चाललो होतो. पण माझा विश्वासही बसला नाही. एवढा उंच सूर, आणि कमी हवा?

तो विश्वास बसला त्यानंतरच्या उन्हाळ्यात. रविवारी मी पोहोचलो तर दुकान उघडं, पण मास्तर नाहीत. मावशी म्हणाल्या, मागं विहिरीवर आंघोळ करून राहिले, जा. मी मागे गेलो. मास्तर माझ्याकडे पाठ करून उभे होते, सदरा काढलेला. इतक्या महिन्यांत मी त्यांना सदऱ्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या पाठीची डावी बाजू नव्हती. म्हणजे होती, पण जिथे भरलेली असायला हवी तिथे खोल गेली होती, बांध फुटून माती वाहून गेल्यावर शेताचा कोपरा दिसतो तशी. खांद्याच्या फऱ्याजवळून एक जाड व्रण निघून काखेखालून पुढे वळला होता. ते वळले तेव्हा पुढूनही तेच दिसलं. उजवी छाती माणसाची, डावी आत बसलेली.

मी तिथेच उभा राहिलो.

"पाह्यलं?" ते म्हणाले. रागावले नव्हते. "सात फासळ्या काढल्या. खाणीत होतो, छातीचा रोग झाला. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं कापलं. तवा तसाच इलाज होता. फासळ्या काढाच्या, फुप्फुस दाबून टाकाचं, म्हणजे रोग तिथंच मरते."

"मंग इकडचं फुप्फुस?"

"थोडंसं असंल खाली. कामाचं नाही."

ते विहिरीच्या कठड्यावर बसले आणि बाकीचं सांगितलं. एका वेळी पाचसहा शब्द, मग श्वास, मग पुन्हा पाचसहा शब्द. त्यांचं ते थांबून थांबून बोलणं मी इतके दिवस स्वभाव समजत होतो. तो त्यांच्याकडे असलेला श्वास होता.

वर्षभर ते दवाखान्यात होते. डॉक्टरांनी सांगितलं, वाद्य विसरा. त्यांनी मान डोलावली. पण माउथपीस त्यांच्या पिशवीत होतं. रोग मेला, डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलं, आणि त्यानंतर एका दुपारी, खाटेवर उशीला टेकून, त्यांनी ते ओठांना लावलं. पहिला आवाज दोन ठेक्यांत संपला. घरी आल्यावर वाद्यावर तेच. खालचा सूर लावला की हवा भसकन निघून जायची आणि डोळ्यांपुढे तारे यायचे. एकदा चिडून त्यांनी वरचा सूर लावून पाहिला. वाटलं, हा तर निघणारच नाही. तो निघाला आणि टिकला. दोन ठेके, तीन, चार. पुन्हा लावला, पुन्हा टिकला.

"मी घाबरलो," मास्तर म्हणाले. "आंदी मले वरचा सूर येतच नव्हता. मी बँडात खालचंच वाजवत होतो. दोन फुप्फुसं होती तवा."

मग ते उठले, अंग पुसलं, आणि सदरा न घालताच दुकानात गेले. ट्रंपेट घेऊन आले. "हात लाव," म्हणाले. "एक इकडं, एक तिकडं. पाठीले."

मी दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर ठेवले. त्यांनी श्वास घेतला. माझा डावा तळवा ज्या बाजूवर होता ती बाजू निश्चल राहिली, भिंतीवर हात ठेवावा तशी. उजव्या तळव्याखाली मात्र फासळ्या एकमेकींपासून सुटल्या. अक्षरशः सुटल्या, माझी बोटं पसरली गेली. खाली कमरेपर्यंत सगळं भरलं, आणि मग सूर सुरू झाला. मला वाटलं होतं, सूर सुरू झाला की ते सगळं कोसळेल. ते कोसळलं नाही. फासळ्या तशाच उघड्या राहिल्या, खालून कमरेचे स्नायू आत आणि वर चढत गेले, तांदळाच्या पोत्याएवढे घट्ट, पण खांदे आणि मान नुकत्या झोपलेल्या बाळासारखी सैल. आणि त्या एवढ्या कामातून बाहेर पडत होती ती बारीकशी हवा. सूर तोच, आंधळगावचा. तो पूर्ण माझ्या हातांतून जात होता.

मी भंडाऱ्याला परतताना गाडीत खिडकीशी बसून स्वतःच्या बरगड्या मोजत आलो. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला बारा. एवढा माल अंगात घेऊन मी पडलो होतो.

त्यानंतरही मला दोन वर्षं लागली. कळणं आणि जमणं यांत फार अंतर असतं. टांगलेलं वाद्य आधी एका सुराला जागेवर राहिलं, मग तिसऱ्या महिन्यात पाचव्या सुराला. काही आठवडे काहीच नाही. एकदा कंटाळून मी मास्तरांना म्हणालो की माझ्या ओठांतच खोट असेल. ते म्हणाले, "खोट असंल तर असू दे. मी खोटेवरच वाजवून राहिलो."

ऐंशीचं दशक सुरू झालं होतं. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत तुमसरला आमच्या बँडला बोलावणं आलं. माझ्या घरी त्या दिवसाचं मोल सणाहून मोठं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून आमचं घर दर वर्षी त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत असायचं. सकाळी मिरवणूक निघाली. उन्हं चढत गेली. निळे झेंडे, गच्च रस्ता, बायका, लेकरं, खाणीतून आलेली माणसं. चौकात पोहोचल्यावर मालकांनी मला डोळ्याने खूण केली, आणि मी गाण्याचा शेवट वर न्यायला घेतला.

श्वास खाली गेला. खांदे जागच्या जागी राहिले. मी जीभ वर नेली, ओठांची फट बारीक केली, आणि कमरेने उचललं. सूर आला. मी त्याची वाट बघत होतो तरी तो आल्यावर मला धक्का बसला, कारण तो माझ्या जोरातून आल्यासारखा वाटलाच नाही. तो तिथे वर होताच आणि मी फक्त दार उघडलं. चौकातला गलका खाली गेला. पुढच्या माणसांनी वळून वर पाहिलं, आवाज आभाळातून येतोय तसं. चार ठेके झाले, आठ झाले. काळोख आला नाही. सगळं स्वच्छ दिसत होतं. झेंड्याची शिवणसुद्धा दिसत होती. सूर सोडला तेव्हा माझ्याकडे श्वास उरला होता. मला रडू आलं ते त्या उरलेल्या श्वासामुळे.

मिरवणूक संपल्यावर मास्तर रस्त्याच्या कडेला उभे दिसले. ते येतील असं बोलले नव्हते. मी पाया पडलो.

"थकला?" त्यांनी विचारलं.

"लय."

"कुठं दुखून राहिलं?"

मी हात लावून दाखवलं. कमर, बरगड्यांची खालची कड, पाठीचा खालचा भाग. दिवसभर पोती उचलल्यासारखं ठणकत होतं. गळा आणि ओठ मात्र मोकळे.

"मंग बरोबर," ते म्हणाले. "वाजवलं म्हणजे दुखतेच. फक्त योग्य जागी दुखलं पाह्यजे." आणि एसटी स्टँडकडे चालायला लागले.

पुढची काही वर्षं मी नाकाडोंगरीला जात राहिलो, शिकायला कमी आणि बसायला जास्त. मास्तरांचं उरलेलं फुप्फुसही थकत चाललं होतं. चार ठेक्यांचा सूर तीनवर आला, मग दोनवर. त्याचं त्यांना दुःख झालेलं मला दिसलं नाही. "दोनबी लय हाय," म्हणायचे. ऐंशीचं दशक अर्धं सरल्यावर एका हिवाळ्यात ते गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

मी भेटायला गेलो तेव्हा मावशी पडवीत बसल्या होत्या. दुकान बंद होतं. मी म्हणालो, मास्तरांसारखा वरचा सूर या जिल्ह्यात कोणाला आला नाही, आता तो कोणाला ऐकायलाही मिळणार नाही.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी रविवारी येत होते," त्या म्हणाल्या. "बाकीच्या दिवशी मी शेतात राहो, धानाच्या बांदीत. त्याईले हाक माराले जमत नव्हतं. इथून शेतापर्यंत आवाज जाईन एवढा श्वास कुठं होता? मंग ते दुकानात उभं राहून वाजवत. तो वरचा. मी येऊन जाओ."

"रोज?"

"रोज," त्या म्हणाल्या. "एक डाव चहाले, एक डाव जेवाले. तीस वर्षं."